अर्धं शटर

दांडिया बाजारात, घड्याळवाल्या नटुभाईंच्या दुकानात
अर्धं शटर भाड्यानं घेतलंय.
अर्धं म्हणजे खरंच अर्धं:
फरशीवर खडूची रेघ.
झाडूनं ती पुसली जाते
आणि दर सोमवारी नटुभाई पुन्हा ओढतात,
माझ्याकडे थोडी सरकवून.

सकाळी नऊ ते दोन दातांचा दवाखाना.
नावं लिहिते, पावत्या फाडते,
"डॉक्टर येतीलच" म्हणते.
अकरा हजार, सात तारखेला.
तीनपासून इथे, रबरी शिक्के.
मशीन जुनं, सुरतेहून आणलेलं, बत्तीस हजारांना.
वीस पॉलिसीवर उचलले,
दहा पतपेढीतून,
आणि दोन हेरंबच्या सायकलचे,
जी त्याला पुढच्या दिवाळीत मिळणार आहे.
पुढची म्हणजे कुठली, ते त्यानं अजून विचारलेलं नाही.

शिक्क्यांचा धंदा कोर्टाजवळ, असं सगळे म्हणाले.
कोर्ट कधीच गेलं दिवाळीपुऱ्याला.
तिथलं भाडं माझ्या पगाराएवढं,
म्हणून मी जुन्या कोर्टाजवळ.
इथं आता वकील येतात
ते घड्याळाचा सेल बदलायला.

शिक्क्यात अक्षरं उलटी असतात.
दोन महिन्यांत उलटं वाचायला शिकले,
आधी गुजराती, मग आपलं मराठी.
गुजराती अक्षराला वरची रेघ नसते.
भिंगाखाली ती मोकळी उभी असतात,
डोक्यावर काहीच नाही.
हप्त्याच्या आठवड्यात
हेवा वाटतो त्यांचा.

हे मकरपुऱ्यात, कंत्राटावर, बारा तास.
रात्री ताटावर बसताना विचारतात, आज किती?
मी म्हणते, तीन.
मी शिक्के सांगितलेले असतात,
ते शेकडे समजतात.
समजतात की नाही, कोण जाणे.
दोघंही दुरुस्त करत नाही.

शाईची बाटली एकशे दहा.
संपत आली की रात्रभर पालथी घालते,
तेलाची घालतात तशी.
दवाखान्याच्या पावत्यांवर माझा जांभळा अंगठा उमटतो.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मतदान करून आलात की काय?
हसले.
हसायचंच होतं, ती नोकरी मला अजून लागते.

मार्चमध्ये पतपेढीचा शिपाई आला.
पोटात गोळा.
पण नाही, ऑर्डर होती:
'भरणा बाकी', लाल शाई, दोन नग.
दोनशे चाळीस सांगितले, दोनशेवर तुटलं.
चाचणीचा ठसा हाताला लागेल त्या कागदावर मारला,
बघते तर माझंच लाइटबिल.
पैसे पुढच्या महिन्यात, तो म्हणाला,
साहेबांची सही राहिलीय.

एप्रिल गेला. सही राहिलेलीच.
मेमध्ये माझा हप्ता एक दिवस चुकला.
पन्नास रुपये दंड,
आणि पासबुकात ते लाल शब्द.
'बा'च्या कान्यात केसाएवढी चीर होती.
मला ती तेव्हाच दिसली होती,
पण रबराचा आणखी एक तुकडा
कोण वाया घालवणार.

आज वही काढली.
'येणे' च्या पानावर पहिल्याच ओळीत लिहिलं:
पतपेढी, रुपये दोनशे.
खाली रेघ मारली, मग परत वाचलं.
बरं वाटलं, चहा प्यायल्यासारखं.
चहा सांगितला नाही.

नटुभाई भिंगातून मान न उचलता म्हणाले,
व्याज लावा, बेन.
मग उठले, गल्ला उघडला, खिसे चाचपले,
टेबलाखाली वाकून पाहिलं.
सोमवार होता.
खडू सापडत नव्हता.
तो माझ्या पर्समध्ये होता.